अमेरिकेत फर्स्ट इयर रायटिंग शिकवतेय, अर्ध्याहून जास्त वर्ग ब्लॅक मुलांचा, रुब्रिकचं काय करू?

शाईचा_डाग

मंडळी, अमेरिकेत इंग्रजी विभागात पीएचडी करणारं किंवा कॉम्प म्हणजे पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स शिकवलेलं कोणी आहे का इथे? मी दक्षिणेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, फंडिंग टीएशिपचं म्हणजे शिकवण्याच्या बदल्यात आहे, त्यामुळे या सेमिस्टरला फर्स्ट इयर रायटिंगचा एक अख्खा सेक्शन माझ्या गळ्यात पडलाय. वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं ब्लॅक आहेत. ओरिएंटेशनला सकाळी सांगितलं की 'कल्चरली रिस्पॉन्सिव्ह' शिकवा, समोर कोण बसलंय ते बघून शिकवा, ब्लॅक लेखक आणि ब्लॅक रेटरिक, म्हणजे मुद्दा मांडायच्या पद्धती, मध्यभागी ठेवून कोर्स बांधा. छान. आणि दुपारी जे कॉमन रुब्रिक म्हणजे गुण द्यायचा तक्ता हातात दिला त्यात ग्रामर आणि मेकॅनिक्सला 25 टक्के, थिसिस स्टेटमेंट म्हणजे मुख्य मुद्द्याचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवं, नाहीतर मार्क कट.

आता पहिले ड्राफ्ट आलेत. एका मुलीने आजीवर लिहिलंय, सुरुवातच अशी, 'माय ग्रॅनी बी अप बिफोर द सन'. पुढे किचनमधे बसून आजी गल्लीतल्या पोरींच्या वेण्या घालते, त्या वेण्या घालता घालता कोणाचं काय चाललंय ते कळतं, कोणाला नोकरी लागली, कोणाचं भाडं थकलंय, मग दुसरी गोष्ट, मग तिसरी, आणि एकदम शेवटी येतं की आमच्या भागात सरकारी ऑफिसच्या आधी हे किचन मदतीला येतं. खरं सांगू, वर्गातला सगळ्यात जिवंत निबंध आहे. आणि रुब्रिक लावलं तर सी मायनस.

त्यात मी भारतीय. ब्लॅक नाही, गोरी नाही, माझं स्वतःचं इंग्रजी ऐकून लोक अजून 'पार्डन?' म्हणतात, आणि मी यांना यांचीच परंपरा शिकवणार म्हणजे जरा अतीच वाटतं. तर नक्की करायचं काय, वाचायला काय द्यायचं, ग्रेड कशी द्यायची, आणि या पोरीच्या पहिल्या वाक्याला लाल पेन लावायचं की नाही?

पीचट्री

लावू नकोस. निदान आत्ता तरी नको.

मी जॉर्जियात कम्युनिटी कॉलेजला बरीच वर्षं हाच कोर्स शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या. बहुतेक जण काय करतात, वाचनाची यादी बदलतात. बाल्डविन घातला, हर्स्टन घातली, झालं. आणि मग असाइनमेंट मागायची तीच, पाच परिच्छेद, थिसिस वर, तीन पुरावे, खाली निष्कर्ष. म्हणजे ब्लॅक लेखक वाचायचे आणि त्यांच्यातल्या एकानेही कधी लिहिलं नसतं तसं लिहायचं. पोरांना हे दोन आठवड्यांत कळतं हं, ती बोलत नाहीत इतकंच.

तुला जे 'कल्चरली रिस्पॉन्सिव्ह' सांगितलं त्यावर शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्जने 1995 च्या लेखात तीन गोष्टी मांडल्या होत्या, विद्यार्थी अभ्यासात खरोखर पुढे गेले पाहिजेत, ते करताना त्यांची संस्कृती त्यांच्याजवळ राहिली पाहिजे, आणि आजूबाजूची व्यवस्था तपासून बघायची सवय लागली पाहिजे. लोक मधलीच तेवढी उचलतात. वर्गात पोस्टर लागतात, फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथ होतो आणि लिहिणं होतं तिथेच राहतं. माझ्या मते पहिली गोष्ट सगळ्यात कडक आहे. कौतुक करून सोडून देणं म्हणजे त्या पोरीला गंभीरपणे न घेणंच.

आता तिच्या निबंधाबद्दल. एकामागून एक गोष्टी सांगत जायचं आणि मुद्दा त्या गोष्टींमधून वर येऊ द्यायचा, ही काही अव्यवस्थित मांडणी नाही. भाषा-अभ्यासक जिनीव्हा स्मिदरमनने ब्लॅक बोलण्या-लिहिण्याच्या ज्या पद्धती मांडल्यात त्यात ही आहे, शिवाय कॉल अँड रिस्पॉन्स म्हणजे बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यांनी साद देत जाणं आहे, सिग्निफाइंग म्हणजे सरळ न बोलता आडून टोला हाणणं आहे, स्वतः बघितलेलं साक्षीसारखं सांगणं आहे. चर्चमधे, सलूनमधे, जेवणाच्या टेबलावर मुलं हे ऐकतच मोठी झालेली असतात. म्हणजे ती वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाहीत. आपलं काम काय, त्यांना जे येतं त्याचं नाव सांगायचं आणि ते कागदावर कुठे चालतं, कुठे वाचक हातातून सुटतो ते दाखवायचं.

मी तिला मार्जिनमधे साधारण असं लिहीन, 'भाड्याच्या गोष्टीपर्यंत मी तुझ्या मागे मागे आले. तिसऱ्या गोष्टीत मला कळेना आपण किचनबद्दल बोलतोय की आजीबद्दल. जो माणूस तुझ्या गल्लीत कधी आला नाही त्याला इथे काय सांगावं लागेल?' बस. यात ग्रामरचा ग पण नाही, आणि दुसरा ड्राफ्ट बघ कसा येतो.

थिसिस पहिल्या परिच्छेदातच का, हा प्रश्न वर्गातच टाक. 5 जुलै 1852 ला रॉचेस्टरमधे फ्रेडरिक डग्लसने, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला होता, जे भाषण केलं ते घे. पहिला बराच वेळ माणूस अमेरिकेच्या संस्थापकांचं कौतुकच करतोय, फक्त जाता जाता 'तुमचा' स्वातंत्र्यदिन, 'तुमचे' पूर्वज असं म्हणत राहतो, 'आपला' म्हणत नाही. श्रोते खुशीत. आणि मग वळतो, गुलामाला तुमच्या या दिवसाचं काय, असं विचारतो. हाच मुद्दा त्याने पहिल्या परिच्छेदात थिसिस म्हणून टाकला असता तर? हा तास एकदा झाला की थिसिस कुठे ठेवायचा हा नियम राहत नाही, निर्णय होतो. आणि हो, काही असाइनमेंटमधे तो वरच ठेवायचा, कारण लॅब रिपोर्ट वाचणाऱ्याला सस्पेन्स नको असतो. तेही शिकवायचंच.

रोखठोक

ताई, वाचायला सगळं भारी वाटतं, पण मी आयटीत हायरिंग करतो, मला कव्हर लेटरमधे 'ग्रॅनी बी अप' दिसलं तर मी पुढचं वाचणार नाही, आणि मी नाही म्हणालो तरी माझा मॅनेजर तर नक्कीच वाचणार नाही. ही मुलं कर्ज काढून कॉलेजला येतात. त्यांना चार वर्षं 'तुझी भाषा किती सुंदर' म्हणत राहायचं आणि बाहेर पडल्यावर दार बंद. हा अन्याय नाही का? गोऱ्या घरातली पोरं स्टँडर्ड इंग्लिश घरीच शिकून येतात, यांना निदान कॉलेजने तरी शिकवावं. स्पष्ट बोलल्याबद्दल सॉरी.

ध्वनिमुद्रा

रोखठोक, सॉरी कशाला, तुझा मुद्दा जुना आहे आणि तो सगळ्यात नीट मांडलाय एका ब्लॅक शिक्षिकेनेच. लिसा डेल्पिट, 1988, हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू. तिचं म्हणणं होतं की उदारमतवादी गोरे शिक्षक नियम उघड सांगत नाहीत, 'तुमचा आवाज शोधा' म्हणतात, आणि मग त्याच न सांगितलेल्या नियमांवर मार्क कापतात. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्या भाषेचे नियम स्पष्ट शिकवा, आणि ते नियम सत्तेचे आहेत, अकलेचे नाहीत, हेही त्याच वेळी सांगा. दोन्ही. तू त्यातलं पहिलं अर्धं म्हणतोयस.

पण एक लक्षात घे, प्रमाण इंग्रजी शिकवू नका असं या विषयातलं जवळजवळ कोणीच म्हणत नाही. भांडण आहे ते कसं शिकवायचं आणि कशाला चूक म्हणायचं यावर. व्हर्शॉन अशांती यंगसारखे अभ्यासक म्हणतात की घरी एक आणि ऑफिसात एक असं कप्पे करून शिकवणं हेच मुळात अपमानाचं आहे, एकाच लेखात दोन्ही मिसळू द्या, त्याला ते कोड-मेशिंग म्हणतात. यंगने स्वतःचा एक अख्खा शोधलेख तसाच लिहिलाय. एप्रिल बेकर-बेल तर आणखी पुढे जाते, ती म्हणते 'स्टँडर्ड बोला म्हणजे भेदभावातून सुटाल' हे खोटं आश्वासन आहे, कारण भेदभाव भाषेमुळे नाही, माणूस ब्लॅक आहे म्हणून होतो. मला स्वतःला डेल्पिट जास्त पटते, पण बेकर-बेलचा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

आता त्या वाक्याबद्दल, कारण मूळ पोस्टमधे विचारलंय आणि माझा विषयच तो आहे. 'बी अप' ही 'इज अप'ची चूक नाही. हे जे 'बी' आहे ते रोजचं, सवयीचं काम दाखवतं. 'शी लेट' म्हणजे आज उशीर झालाय. 'शी बी लेट' म्हणजे हिचं नेहमीचंच आहे. जॅनिस जॅक्सन या संशोधिकेचा यावर एक मजेशीर प्रयोग आहे, लहान मुलांना सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं चित्र दाखवलं, एल्मो कुकी खातोय आणि कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात. 'हू इज ईटिंग कुकीज' विचारलं की सगळी पोरं म्हणतात एल्मो. 'हू बी ईटिंग कुकीज' विचारलं की ब्लॅक मुलं म्हणतात कुकी मॉन्स्टर, कारण नेहमी खाणारा तोच ना. म्हणजे नियम पक्का आहे, पाच-सहा वर्षांच्या पोराला कळतो, आणि प्राध्यापक त्यावर लाल रेघ मारतो. तिच्या वाक्यात 'इज' घातलं तर ती रोजची सवय तितकी ठळक राहत नाही, आणि निबंध तर रोजच्या उठण्याबद्दल आहे.

शाईचा_डाग

ध्वनिमुद्रा, हे मला माहीतच नव्हतं, मी ते टायपो समजून बसले असते. पण मग रुब्रिकमधल्या 25 टक्क्यांचं? विभागात कोणाला दाखवू म्हणून आधाराला काही ठोस आहे का, की ही सगळी वैयक्तिक मतं?

ध्वनिमुद्रा

भरपूर आहे. कॉलेजात कॉम्पोझिशन शिकवणाऱ्यांची जी राष्ट्रीय संघटना आहे, फोर सीज म्हणतात तिला, तिने 1974 मधेच ठराव केला की विद्यार्थ्यांना स्वतःच्या भाषेचा हक्क आहे. लक्षात घे, 1974. सिव्हिल राइट्सनंतर आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 1970 ला ओपन अॅडमिशन सुरू केल्यावर जी मुलं वर्गात आली त्यांना कसं शिकवायचं या गदारोळातूनच तो आला. स्मिदरमन त्या कामात होती, आणि तिची स्वतःची कहाणी अशी की शिक्षक होण्यासाठी डेट्रॉइटमधे जी बोलण्याची परीक्षा द्यावी लागायची त्यात ती नापास झाली, का तर उच्चार दक्षिणेकडचे ब्लॅक लोकांचे, आणि तिला चक्क स्पीच थेरपीला पाठवलं. पुढे तिनेच या विषयात कोणी केलं नाही एवढं काम केलं.

मग 1979 चा मिशिगनमधल्या अॅन आर्बरचा खटला. ब्लॅक मुलांच्या आयांनी शाळेवर केस केली, जज जॉयनरने निकाल दिला की मुलांची घरची भाषा लक्षात न घेता त्यांना वाचायला शिकवणं ही शाळेची कसूर आहे, शिक्षकांना ती भाषा ओळखायला शिकवा. आणि 1996 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाचा एबॉनिक्सचा म्हणजे ब्लॅक इंग्लिशचा ठराव, ज्याची टीव्हीवर नुसती टिंगल झाली, जणू काही शाळेत इंग्रजी बंद करून स्लँग शिकवणार आहेत. मुळात त्यांना प्रमाण इंग्रजी शिकवण्यासाठीच घरची भाषा वापरायची होती. जानेवारी 1997 ला अमेरिकेच्या भाषाशास्त्र संस्थेने त्याला पाठिंबा दिला, पण तोवर जोक होऊन गेले होते.

आणि तुझ्या रुब्रिकच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं, स्मिदरमनने राष्ट्रीय चाचणीतले ब्लॅक विद्यार्थ्यांचे शेकडो निबंध तपासले 1980 च्या दशकातले. ज्या निबंधांत ब्लॅक कथनशैली ठळक होती त्यांना जास्त गुण मिळालेले दिसले. शैलीला हं, व्याकरणाच्या रूपांना नाही. म्हणजे पीचट्री म्हणतेय तेच, गोष्ट सांगण्याची ताकद हे भांडवल आहे, शिक्षकांनी तिथे जोर द्यावा.

मधलीसुट्टी

एक कोरडी सूचना. कोणत्या राज्यात आहात ते आधी बघा. फ्लोरिडात 2023 च्या कायद्याने सरकारी कॉलेजांच्या जनरल एज्युकेशन कोअर कोर्सेसवर बंधनं आलीत, वर्णद्वेष अमेरिकेच्या संस्थांमधे मुळातच भिनलेला आहे या सिद्धांतावर तो अभ्यासक्रम आधारलेला नको असं त्यात आहे, आणि फर्स्ट इयर रायटिंग हे सहसा जनरल एज्युकेशनमधेच येतं. टेक्सासचा 2023 चा डीईआयचा, म्हणजे विविधता आणि समावेशाच्या कार्यक्रमांवर बंदी घालणारा, कायदा ऑफिसं आणि नेमणुका यांच्याबद्दल होता, वर्गातलं शिकवणं त्यातून वगळलं होतं, पण नंतर आणखी नियम आलेत. व्हिसावर असलेल्या टीएने सिलॅबसमधे मोठे शब्द वापरून शहीद व्हायची गरज नाही. 'श्रोता, हेतू, शैली' या शब्दांत तोच कोर्स लिहिता येतो. कोर्सच्या डायरेक्टरकडून ईमेलवर होकार घ्या, तोंडी नको.

रोखठोक

हे मात्र पटलं. बाकी डेल्पिट वाचतो.

शाईचा_डाग

धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलं. आज वर्गात मी ही सगळी चर्चा थोडीशी काढली तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, ब्लॅकच, म्हणाला की मला प्रॉपर इंग्लिश शिकायला पाठवलंय घरच्यांनी, तुम्ही हे आम्हाला का देताय, गोऱ्या मुलांच्या सेक्शनला पण हेच देतात का? मला काही सुचलंच नाही. आणि अजून दोघी आहेत, एकीचे आईवडील नायजेरियाचे, एकीचे जमैकाचे, त्या म्हणाल्या आमच्या घरी तर असं कोणी बोलतच नाही.

पीचट्री

त्या पोराचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याला तसं सांग. उत्तर असं की हो, डग्लस आणि मार्टिन ल्यूथर किंग गोऱ्या मुलांच्या सेक्शनलाही द्यायला हवेत, ते अमेरिकन गद्याचे उस्ताद आहेत म्हणून. ब्लॅक मुलांपुरतंच 'तुमचं तुम्हाला' असं झालं की तो रेमेडियल म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग होतो, आणि त्या वासाची या मुलांना चांगली ओळख असते. तुझ्या वर्गातल्या गोऱ्या मुलांनाही वाटतं तेवढं यातलं येत नसतं.

कवयित्री जून जॉर्डनच्या वर्गातही हेच झालं होतं, न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीत. ब्लॅक विद्यार्थी, अॅलिस वॉकरची 'द कलर पर्पल' वाचायला दिलेली, आणि मुलांनाच ती भाषा खटकली, हे काय असलं इंग्रजी म्हणून. मग तिने त्यांच्याकडूनच तो सुरुवातीचा भाग प्रमाण इंग्रजीत करून घेतला आणि पोरं हसायला लागली, कारण तो मेल्यासारखा वाटायला लागला. मग वर्गाने मिळून ब्लॅक इंग्लिशचे नियम लिहून काढले. नियम शिक्षकाने आणले नाहीत, मुलांनी काढले. तू ब्लॅक नाहीस याची चिंता तुला आहे ना, तर तिथेच उत्तर आहे, तू तज्ज्ञ व्हायची गरज नाही, तू फक्त नक्कल करू नकोस. वर्गात 'शी बी' म्हणून बोलून दाखवायला गेलीस तर संपलंच. आणि उलट, इंग्रजीत लोक 'पार्डन?' म्हणतात हे तुझं दुःख वर्गात ओतू नकोस, तुझा अनुभव आणि यांचा अनुभव एक नाही, यांची मुळं गुलामगिरीत आहेत.

नायजेरिया-जमैकावाल्या पोरींसाठी, सगळ्यांना एकच असाइनमेंट दे, 'तुझ्या घरी वाद कसा घालतात?' कोण आधी बोलतं, पुरावा म्हणून काय चालतं, म्हण चालते का, मोठ्यांचा शब्द चालतो का, हसून जिंकता येतं का. मग तोच वाद कॉलेजच्या पेपरमधे घालून दाखवायचा आणि काय काय बदलावं लागलं त्यावर एक पान. त्वचेचा रंग बघून कोण कसं बोलत असेल हे आपण ठरवायचं नाही, त्यांनी सांगायचं. वर्गातली ब्लॅक मुलं म्हणजे एक गठ्ठा नव्हे.

ग्रेडचं. लेखन शिकवणाऱ्या असाओ इनोएचं लेबर कॉन्ट्रॅक्ट लोक सुचवतील, म्हणजे ठरलेलं काम केलं की ठरलेली ग्रेड, भाषेचा दर्जा बघायचाच नाही. मी काही काळ वापरलं. ग्रामरची भीती गेली हे खरं, पण माझ्याकडची मुलं रात्री वेअरहाउसमधे शिफ्ट करतात, त्यांच्याकडे वेळच नसतो, आणि कॉन्ट्रॅक्ट शेवटी वेळच मोजतं. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांबाबतही हीच टीका झालीय. आता मी अर्धं अर्धं करते, ड्राफ्टना फक्त पूर्ण केल्याचे गुण आणि शेवटच्या पोर्टफोलिओला ग्रेड. तुझे ते 25 टक्के बदलता येत नसतील तर ते फक्त पोर्टफोलिओवर लाव, आणि डायरेक्टरला विचार की 'मेकॅनिक्स'चा अर्थ 'या लेखनाला, या वाचकासाठी, लेखकाने मुद्दाम केलेली निवड' असा लावला तर चालेल का. माझ्याकडे चाललं. मुलीने एका ओळीत लिहून द्यायचं की पहिल्या वाक्यात 'बी' का ठेवलं. जिने कारण दिलं तिचे गुण कापायचे नाहीत. नुसतं घाईत सुटलेलं क्रियापद वेगळं दिसतंच.

आणि व्याकरण शिकवायचंच असेल, शिकवावंच, तर किंगच्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातल्या पत्रातलं ते एक वाक्य घे, 1963 चं. समान हक्कांसाठी 'थांबा' म्हणणाऱ्यांना दिलेलं उत्तर. 300 हून जास्त शब्दांचं एकच वाक्य, 'व्हेन यू', 'व्हेन यू' करत सेमीकोलनवर सेमीकोलन, ब्लॅक म्हणून मुलीला करमणुकीच्या बागेत का नेता येत नाही ते समजावताना जीभ कशी अडखळते तेही त्यात, आणि मुख्य क्रियापद अगदी टोकाला येतं. वाचणाऱ्यालाही थांबायला लावलंय त्याने. प्रत्येक 'व्हेन' वेगळ्या ओळीवर छापायचा, एकेका मुलाने एकेक ओळ मोठ्याने वाचायची, आणि मग स्वतःच्या एका तक्रारीवर असंच एक वाक्य लिहायचं. होस्टेलच्या लाँड्रीवर लिहिलं तरी चालेल. सेमीकोलन जन्मात विसरत नाहीत.

शाईचा_डाग

गुरुवारी हेच करते. हँडआउट असेल तर पाठवशील का ताई?

पीचट्री

हँडआउट कसलं गं, मी फळ्यावर लिहून द्यायचे, आता प्रोजेक्टर. अक्षर मात्र मोठं ठेव, ओळ दुसऱ्या ओळीत गेली की वाचणारा चुकतो. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला शेवटची ओळ दे.

मधलीसुट्टी

आणि डायरेक्टरच्या ईमेलचं गुरुवारच्या आत बघा.